थोरलीच्या तीन नळ्या

११ मार्च

ही वही टाकीची आहे. घोड्यांची डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, रोज सकाळी पट्टी आत घालून नायट्रोजन किती उरलाय ते मोजा आणि तारीख घालून लिहा." लिहिते. एकोणचाळीस सेंटिमीटर. पण एका आकड्यासाठी अख्खं पान वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून उरलेल्या जागेत मला वाटेल ते लिहीन. शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे. वाचणाऱ्याने मान वाकडी करावी.

टाकी दुधाच्या मोठ्या कॅनसारखी दिसते. आतला नायट्रोजन इतका गार असतो की बोट बुडवलं तर बोट गेलंच. खोगिरांच्या खोलीत, खिडकीखाली ठेवली आहे. फरशी वर-खाली असल्याने डुगडुगत होती. डॉक्टरणीने एक छापील कागद दिला होता, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. इतक्या बारीक अक्षरात कोणी महत्त्वाचं लिहीत नाही. त्याची घडी करून टाकीखाली सारली. आता हलत नाही.

१३ मार्च

एकोणचाळीसच.

काल दिराने टाकीभोवती एक चक्कर मारली. नवरा गेल्यापासून तबेला आम्हा दोघांचा आहे. घोडी मी बघते, चारा आणि ओझ्याची गाडी तो बघतो. म्हणाला, "वहिनी, घोडी म्हातारी झाली की झाली. तिचं लोणचं घालायला निघालात काय?"

म्हटलं, "घालते. तुम्हाला चाखायला देणार नाही."

थोरली, माझी घोडी, बावीस वर्षांची आहे. तिची आई तिला जन्म देऊन मेली, तेव्हा बाटलीने दूध पाजून मी तिला वाढवलं. पुढे शंभर किलोमीटरच्या शर्यतीत धावायची आणि आल्यावर पाण्याच्या आधी माझ्या खांद्यावर नाक घासायची. दोन शिंगरं अर्ध्यात गळली, एक झाला तो घोडा, त्याला खच्ची केलेला. म्हणजे तिच्या मागे तिची म्हणून काही नाही. डॉक्टरीण म्हणते तिच्या गर्भपिशवीत आता गर्भ टिकत नाही, पण धरतो अजून. मग सातव्या दिवशी तो धुऊन बाहेर काढायचा, गोठवून ठेवायचा आणि सवडीने दुसऱ्या घोडीच्या पोटात सोडायचा. मला एकदा ऐकून समजलं. दिराला चारदा ऐकूनही समजलं नाही, म्हणून तो हसतो.

१८ मार्च

अडतीस.

आज धुतलं. मी थोरलीचं तोंड धरून उभी. डॉक्टरीण खांद्यापर्यंत हातमोजा घालून मागे. बारीक रबरी नळीने कोमट पाणी आत सोडायचं, पोट थोडं चोळायचं, मग तेच पाणी जाळीच्या भांड्यातून बाहेर घ्यायचं. तीनदा केलं. मग जाळीतलं पाणी काचेच्या बशीत घेऊन ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. अर्धा तास. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मावशी, तुम्ही श्वास घेता तो पण मला ऐकू येतोय."

काही नव्हतं. पाणीच नुसतं.

दीर जेवताना म्हणाला, "रिकामी बशी धुतली म्हणायची." त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या धाकट्या जावेने, त्याला डोळे वटारले. मी वाटी आपटून उठले.

८ एप्रिल

सदतीस.

एक आहे! डॉक्टरीण उठली आणि मला खुर्चीवर बसवलं. आधी माझीच पापणी दिसत होती. मग दिसला. काचेचा मणी, आत दव धरल्यासारखा. टाचणीच्या टोकाहून लहान. मी म्हटलं, "ही घोडी आहे की घोडा?" ती हसली. म्हणाली, "मावशी, अजून नुसता मणी आहे."

मग तिने हात भराभर चालवले. दोन-तीन औषधांच्या थेंबांतून मणी फिरवला, काडीएवढ्या नळीत ओढला आणि थेट टाकीत. नळीला निळं टोपण. नळ्या एका लांब दांड्याच्या डब्यात उभ्या राहतात, दांडा टाकीच्या तोंडाशी अडकतो.

जाताना ती बरंच काही सांगत होती. मी थोरलीचे पाय धूत होते. ती दिवसभर बोलत असते, सगळं ऐकत बसले तर जनावरांकडे कोण बघणार? शेवटचं ऐकलं, "टाकीकडे नीट लक्ष ठेवा."

ते मला सांगायला नको.

१२ एप्रिल

सदतीसला थोडं कमी.

माझ्या बापाने मला एकच गोष्ट शिकवली, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराने सकाळी चहाच्या आधी प्रत्येक जनावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, खाल्ली की नाही, कुठे सूज आहे, लीद कशी आहे. दुसऱ्याने बरं आहे म्हटलं म्हणून बरं नाही धरायचं. तीस वर्षं मी ते पाळलं. मग नळीतल्या शिंगराला वेगळा न्याय का?

नऊ ठाणं, म्हणजे घोडी बांधायच्या जागा, बघून झाली की खोगिरांच्या खोलीत जाते. झाकण काढून दांडा धरून डबा वर घेते, खिडकीच्या उजेडात. पांढरी वाफ पायावर पडते. निळं टोपण दिसलं की म्हणते, तुझी आई बरी आहे, रात्रभर उभी झोपली. मग परत आत. एवढं केल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

२९ एप्रिल

पस्तीस.

दोन! एकाच खेपेला दोन! डॉक्टरीण म्हणाली बावीस वर्षांच्या घोडीकडून ही अपेक्षाच नव्हती. एकाला पिवळं टोपण, एकाला लाल. मी दिराला हाक मारून दाखवायला नेलं. त्याने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग म्हणाला, "साबुदाणा."

पण दोनदा पाहिलं त्याने. मी मोजलं.

९ मे

एकतीस.

नायट्रोजन भराभर उतरतोय. डॉक्टरीण भरून गेली. विचारत होती, "टाकी उघडी तर राहत नाही ना?" म्हटलं, "मी उघडी ठेवेन? झाकण मीच काढते, मीच लावते." ती म्हणाली मग टाकीतच दोष असेल. कंपनीला पत्र टाकते म्हणाली. चांगलं खरमरीत लिहा म्हटलं.

तिघंही बरी आहेत. लाल टोपणाची नळी जरा तिरकी उभी राहते. आईसारखीच अडेल असणार.

१७ मे

छत्तीस.

दिराकडे चारा विकणारा पाहुणा आला होता. हा त्याला थेट खोगिरांच्या खोलीत घेऊन आला आणि टाकीवर हात ठेवून म्हणतो, "ही आमच्या वहिनीची बर्फातली वंशावळ!" दोघं हसले. मी खरारा घेऊन दारात उभी राहिले. खरारा म्हणजे घोडीचं अंग घासायची लोखंडी दातांची पट्टी. पाहुण्याला चाऱ्याचं काम आठवलं.

२ जून

थोरली गेली. सकाळी पोटशूळ उठला, लोळायला लागली. डॉक्टरीण तासाभरात आली. आतडं पिळलं होतं. अकरा वाजता शेवटची सुई दिली. डोकं माझ्या मांडीवर होतं.

दीर आला, टोपी काढून उभा राहिला. "वहिनी," म्हणाला. मग वाकून तिच्या गळ्यातला दोर सोडवला.

३ जून

एकतीस. तिघंही आहेत.

२० जून

चौतीस. मध्ये डॉक्टरीण परत भरून गेली.

आता वेळ घालवायचा नाही. दुसऱ्या घोडीचं पोट पाहिजे. दिराची घोडी आहे, पखाल नावाची, आठ वर्षांची, पाण्याने भरलेल्या पखालीसारखीच रुंद, गाडी ओढते आणि कशालाच बिचकत नाही. मागितली. तो म्हणाला, "माझी घोडी दुसऱ्याची पोरं वाहायला नाही."

"ओझं वाहते ते चालतं?"

"ओझं संध्याकाळी उतरतं, वहिनी."

माणूस मूर्ख आहे, पण बोलतो कधीकधी बरोबर. डॉक्टरीण तिच्या केंद्रातली घोडी आणते म्हणाली.

२४ जून

आज लिहिणार नव्हते.

केंद्रातली घोडी आली, शांत, तपकिरी. डॉक्टरणीने निळी नळी काढली, कोमट पाण्यात धरली, मणी बशीत सोडला. पाहिलं. परत पाहिलं. मला बसायला सांगितलं नाही. मीच बसले. मणी नव्हता. करडा चुरा, चहात विरघळलेल्या बिस्किटासारखा.

"असं होतं कधीकधी," ती म्हणाली. "घोडी तयार आहे, पिवळी काढते."

पिवळीही तशीच.

डॉक्टरणीने बशी फिरवून परत पाहिली. "दोन्ही? गोठवताना दोन्ही उत्तम होते," म्हणाली. लाल नळी काढली नाही. केंद्रातली घोडी तशीच परत गेली.

२५ जून

मला कळलं कोणी केलं. त्या दिवशी दीर पाहुण्याला टाकी दाखवत होता. नुसतं झाकणावर हात ठेवून हसला असेल कशावरून? उघडून दाखवली असणार. नळी हातात दिली असणार, साबुदाणा बघा साबुदाणा.

नालबंद एका घोडीला नाल ठोकत होता, दीर पखालीला गाडीला जुंपत होता, जाऊ अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिथेच म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माझ्या घोडीची पोरं मारली. चार लोकांना हसवायला मारली."

तो पांढरा पडला. "मी टाकी उघडली नाही."

"मग भुताने उघडली?"

"वहिनी, शब्द मागे घ्या."

"माझ्याकडे परत घ्यायला जागा नाही."

जाऊ म्हणाली, "ताई, हे जरा फार झालं." टोपलीतले ओले कपडे तसेच सोडून आत गेली. दीर पखालीला घेऊन निघून गेला. नालबंदाने पूर्ण वेळ खिळ्याकडे बघत काम केलं.

टाकीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात. आता लाल नळी दिवसातून दोनदा पाहते. एकच उरली आहे. कुणाचा भरवसा नाही.

२८ जून

बत्तीस. डॉक्टरीण आली. टाकी तपासली, दोष नाही म्हणाली. मग नायट्रोजन कसा उतरत गेला ते बघायला वही मागितली. मी दिली. आत बाकीचं लिहिलंय हे लक्षात होतं, पण लपवण्यासारखं मी काही लिहीत नाही.

चंदीच्या पोत्यावर बसून ती आकडे बघत पानं उलटत होती. मध्येच थांबली.

"मावशी, हे काय? दांडा धरून डबा वर घेते, खिडकीच्या उजेडात?"

"मग? न पाहता कळणार कसं?"

"किती वेळा?"

"रोज. आता दोनदा."

"आणि किती वेळ बाहेर?"

"विचारपूस होईपर्यंत."

तिने वही मिटली. खाली बसून टाकीखालचा कागद ओढून काढला, टाकी डुगडुगली. घडी उलगडून बोट ठेवून वाचलं. पहिलीच ओळ. नळ्या टाकीच्या तोंडाच्या वर आणू नयेत. ती म्हणाली, तीन-चार सेकंद उबेत आल्या की आतला गर्भ वितळू लागतो, परत आत गेल्या की पुन्हा गोठतो, रोज थोडा थोडा तुटत जातो. म्हणाली, "चूक माझी पण आहे. मी समोर बसवून सांगायला हवं होतं."

मला तिची दया नको होती. म्हटलं, "हे मोठ्या अक्षरात छापायला काय झालं होतं?"

ती गेल्यावर नऊ ठाणं झाडली. मग परत झाडली. थोरलीचं रिकामं आहे, तेही.

निळी नळी सत्त्याहत्तर सकाळी मी बाहेर काढली. बोटांवर मोजलं. रोज तिला तिच्या आईची खुशाली सांगत होते.

३० जून

ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरच बोलायचं. जावेला बोलावलं, नालबंदाला निरोप पाठवला की नाल नाही, काम आहे, ये. तिघं अंगणात उभे. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही नाही मारली. मी मारली. रोज सकाळी उघडून बघून मारली. आता हसायचं तर हसून घ्या."

कोणी हसलं नाही. नालबंद म्हणाला, "मला वाटलं घोडी लंगडतेय."

दीर म्हणाला, "वहिनी, मी समजलो होतो तुम्ही माफी मागायला बोलावलंत."

"हीच आहे."

"मग बरी आहे," तो म्हणाला आणि चारा उतरवायला गेला. जाऊ मात्र थांबली. म्हणाली, "ताई, चहा घेतला का?" नव्हता घेतला.

२ जुलै

डॉक्टरीण लाल नळी वितळवायला तयार नाही. म्हणते, पिवळी आणि लाल एकाच दिवशी गोठवल्या, सारख्याच वेळा बाहेर आल्या, उलट लाल चार दिवस जास्तच. केंद्रातल्या घोडीसाठी रांग आहे, वाया जाणाऱ्या गर्भासाठी तिथली घोडी अडवता येणार नाही.

म्हटलं, "एका पोटची दोन भावंडं असतात, एक मरतं, एक जगतं. तुम्ही पुस्तकात वाचलं नसेल, मी तबेल्यात पाहिलंय."

"मावशी, हे ठाणावरचं शिंगरू नाही."

"माझ्यासाठी आहे. तुम्हाला घोडी नाही द्यायची, नका देऊ. घोडी मी बघते."

कुठून बघणार होते देव जाणे. तिच्यासमोर ते सांगायची गरज नव्हती.

३ जुलै

चंदी भिजवत होते. दीर पखालीचा दोर धरून आला आणि दोर माझ्यापुढे केला. मी हात पुढे केला तर त्याने मागे घेतला.

"अट आहे. पोटात काही धरलं तर हिच्या ठाणात तुम्ही यायचं नाही. खरारा मी, चंदी मी, पाणी मी. तुम्ही वर्षभर बाहेर."

"तीस वर्षं घोडी सांभाळल्या मी."

"म्हणूनच."

इतका राग आला की टोपल्यातली चंदी सांडली. मग म्हटलं, "गाडी कोण ओढणार?"

"ते माझं मी बघतो."

"ठीक आहे," म्हटलं. दात ओठ खाऊन म्हटलं, पण म्हटलं.

१८ जुलै

इंजेक्शनं देऊन पखालीचे दिवस जुळवले होते. आज लाल नळी काढली. मी खिडकीशी उभी राहिले, माझे हात मी एप्रनच्या खिशात कोंबले होते.

डॉक्टरणीने पाहिलं आणि मला बसवलं. मणी होता. अर्धा काळवंडलेला, अर्धा चकचकीत, दव धरलेला. आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा, पण चेहरा.

"एरवी मी हा टाकून दिला असता," ती म्हणाली.

"मग एरवीसारखं करू नका."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. आमच्या दोघींत आधी कोण डोळे खाली करणार याबद्दल मला शंका नव्हती. तिने मणी बारीक नळीत ओढला. पखालीने गर्भ आत जाताना शेपटीसुद्धा हलवली नाही. दीर तिचं तोंड धरून होता आणि तिच्या कानात काहीतरी सांगत होता. काय ते ऐकू आलं नाही, त्याने मुद्दामच हळू सांगितलं.

२७ जुलै

डॉक्टरीण यंत्र घेऊन आली. पडद्यावर करडं धुकं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "नाही दिसत, मावशी."

जाऊ दारात उभी होती, तिने तोंडावर पदर धरला.

म्हटलं, "अर्ध्याच अंगाने आत गेलंय ते. उशीर लागणारच. परत या."

"परत आल्याने..."

"परत या म्हटलं ना!"

दिराने यंत्राची पेटी उचलून तिच्या गाडीत ठेवली आणि विचारलं, "परवा किती वाजता याल?" मला कोणी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

२९ जुलै

आली. मी ठाणाच्या बाहेर उभी राहिले, ठरल्याप्रमाणे. आतून पखालीच्या खुरांचा आवाज. मग डॉक्टरणीचा आवाज, "थांबा. हलू देऊ नका तिला."

मग दीर, "ते काळं? ते गोल?"

मी दाराची कडी धरून उभी. आत गेले नाही. लोखंड गार होतं तेवढं आठवतंय.

डॉक्टरीण बाहेर आली, हातमोजा काढत. "आहे. पण वयाच्या मानाने फार लहान आहे. मावशी, जगेल असं मी म्हणत नाही."

"मी विचारलंच नाही," म्हटलं.

१ ऑगस्ट

टाकी डॉक्टरीण घेऊन गेली. वही माझ्याकडे ठेवली, आता आकड्याविना सगळं पान मोकळं.

दिराने पखालीच्या ठाणाला नवीन फळ्या ठोकल्या, माझ्या उंचीच्याही वर. मी समोर, अंगणात, वाटेच्या या बाजूला खुर्ची टाकली आहे. तिथून ती मान वर करते तेव्हा दिसते, चारा ओढून घेते तेव्हा नुसते कान दिसतात. सकाळी नऊ... नऊ नाही, पखालीचं सोडून आठ ठाणं झाली की तिथे बसते. चहा तिथेच घेते.

दीर म्हणाला, "वहिनी, अट मोडताय."

"ठाणात आहे का मी?"

"बघताय."

"अंगण अर्धं माझं आहे, भाऊजी. डोळे पूर्ण माझे आहेत."

तो आत गेला. थोड्या वेळाने फळी ठोकल्याचा आवाज आला, म्हटलं आणखी वर चढवतोय. बघते तर सगळ्यात वरची काढत होता.